हसीनाभाभीनं गाडीत हवा भरली

मला लोक तापट म्हणतात. म्हणू द्या. लातुरात नांदेड नाक्याजवळ तीस वर्षं रेक्झीन, फोम आणि खिळे-स्क्रू विकून ज्याचं डोकं तापलं न्हाई, त्यानं दुकान चालवलंच न्हाई असं मी समजतो. पण एका बाईनं मला माझ्याच अंगणात, माझ्याच बायकोसमोर गप बसवलं, आणि मी बसलो. त्या हसीनाभाभीची ही गोष्ट. तिला कुणी शाल-नारळ दिलेलं न्हाई, पेपरात तिचा फोटो न्हाई. म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

हसीनाभाभी जीपचे हूड, म्हणजे कापडी छतं, शिवते. माझ्या दुकानासमोरच तिच्या नवऱ्याचं, महेबूबभाईचं, पंक्चरचं दुकान. एकाच पत्र्याखाली दोघांचा धंदा. दारात त्याचं पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप, आत तिची पायानं चालवायची जाड मशीन. चाकं त्याची, छत तिचं. भाभीचं माहेर उदगीरचं. तिचे अब्बा टांग्याचे टप शिवायचे. घरात मुलगा नव्हता असं न्हाई. होता, पण त्याची शिवण नागमोडी जायची, म्हणून अब्बांनी दाभण मुलीच्या हातात दिलं. हे भाभी स्वतः सांगते आणि भावाला अजून चिडवते.

लग्न होऊन ती लातुरात आली तेव्हा टांगे संपत आले होते. एक दिवस महेबूबभाईकडं मुखेडची जीप चाक काढायला आली. हिनं तिचा हूड बघितला आणि सरळ ड्रायव्हरला विचारलं, "ये कौन सिया जी? गाढव?" ड्रायव्हर भडकला. महेबूबभाईला घाम फुटला. भाभीनं तिथंच मांडी ठोकली, तासाभरात सगळी शिवण उसवली आणि नवी घातली. त्या पावसाळ्यात मुखेडच्या स्टँडवर कोरड्या शिटांची जीप म्हणजे तेवढी एकच. दुसऱ्या वर्षी मुखेडचे, चाकूरचे, औश्याचे जीपवाले तिच्या दारात रांग लावून उभे. दोरा ती मेणातून ओढून घ्यायची, आणि शिवणीचं तोंड कधी आभाळाकडं ठेवायची न्हाई. वरचं कापड खालच्यावर दुमडून आलं पाहिजे, म्हणजे पाणी घसरून जातं. कुणी घाई केली की म्हणायची, "घाई हाय तर छत्री घेऊन बस गाडीत."

आता माझ्या आईचं सांगतो. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. पार्वतम्मा तिचं नाव. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला, त्यात आमचे वडील गेले. मी लातुरात दुकानावर होतो. अव्वा दगडमातीखाली दीड दिवस होती. वरून पाऊस चालू. ढिगाऱ्यातनं झिरपून एक थेंब तिच्या कपाळावर पडत होता. हात दबलेला, मान हलवता येईना, आणि थेंब काही थांबेना. बाहेर काढल्यावर तिनं पाणी मागितलं न्हाई. कपाळ पुसा म्हणाली.

त्यानंतर अव्वा दगडाच्या किंवा स्लॅबच्या छताखाली झोपली न्हाई. पुनर्वसनात घर मिळालं, चांगलं स्लॅबचं. तिनं त्यात ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः शेतातल्या टिनाच्या शेडात राहिली. तिथंही पाऊस आला आणि कुठून एक थेंब गळला की बाई उठून बसायची. भिंतीला टेकायचीसुद्धा न्हाई. मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. भीतीला काय कान असतात?

तिला झोप मिळाली ती घरगाडीत. भूकंपानंतर मदतीला परदेशातनं एक डॉक्टरीण आली होती, ती तिच्या राहायच्या मोटारीसकट. आत दोन पलंग, शेगडी, भांडी धुवायचं बेसिन, टपावर झाकणाची खिडकी. आमच्या गावात तिला घरगाडीच म्हणायचे. डॉक्टरणीनं अव्वाला चार दिवस तपासायला म्हणून त्यात ठेवलं आणि अव्वा गाढ झोपली. का, तर म्हणे, "ह्याचं छत लई पातळ हाय. पडलं तर टेंगूळ येईल, जीव न्हाई जाणार." पुढं गाडीचं इंजिन बसलं. डॉक्टरीण मायदेशी जाताना गाडी गावाला देऊन गेली, आणि गावानं ती अव्वाला वापरायला दिली. कुणी हूं की चूं केलं न्हाई.

दोन हजार तीन साली अव्वाचे गुडघे गेले. आता तिला एकटीला शेतात कसं ठेवायचं? तोवर लातूरचं रूपच पालटलं होतं. बारावीच्या क्लाससाठी गावोगावची पोरं येऊन राहिलेली, ज्याला त्याला खोली पाहिजे. मीबी औसा रोडला तीन मजले चढवले, पन्नास पोरं ठेवली. शेजारी मोकळं अंगण होतं. ट्रॅक्टर लावून घरगाडी ओढत आणली आणि तिथं उभी केली. अव्वा माझ्या बिल्डिंगचा उंबरा काही ओलांडेना. गल्लीत लोक म्हणायला लागले, पन्नास पोरांना छत दिलं आणि मायला ठेवलं मोटारीत. हे ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. पण अव्वा तिथं शांत झोपायची, तेवढ्यावर मी गिळून घ्यायचो.

गाडी मी झकास बसवली होती, असं माझं मत. कुणी पायरी चढलं की ती स्प्रिंगवर हलायची आणि अव्वा किंचाळायची, "हाललं!" म्हणून चारी कोपऱ्यांना विटांचे खांब रचले आणि चाकं अधांतरी केली. पुढच्या बाजूला एक वीट जास्त दिली, म्हणजे मागच्या दाराची पायरी अव्वाच्या गुडघ्यांसाठी जरा खाली येते. आणि गाडीच्या कपाळावर, पुढच्या काचेच्या वर, 'ॐ नमः शिवाय'ची स्टीलची पाटी लावली. माझ्या दुकानातले एक नंबरचे चार स्क्रू, माझ्या हातानं, आरपार आवळले.

पहिले दोन पावसाळे कोरडेच गेले, निभावलं. दोन हजार पाच साली मात्र आषाढ कोसळला आणि अव्वाच्या उशीवर, बरोब्बर कपाळाच्या जागी, थेंब पडला.

मी काय गप बसणारा! टपावर, पलंगाच्या वरच्या बाजूला, डांबर ओतलं. गळलं. गवंडी आणला, त्यानं सिमेंट लावलं. गळलं. प्लंबर आला, गॅरेजवाला आला, रंगाऱ्यानं लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. खिडक्यांच्या चौकटीखाली बारीक फटी दिसल्या. म्हटलं, हेच ते. त्या मी स्वतः बुजवल्या. तरी गळलं. पलंग सरकवायची सोय न्हाई, तो गाडीलाच ठोकलेला. दुसऱ्या पलंगावर अव्वा जाऊन बघायची, पण तो थेंब कानाला ऐकू येतोच की. टप. टप. ती पातेलं मांडीवर घेऊन बसून राहायची. डोळे खोल गेले, जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी ह्यांना झोपू द्या.

आणि एका गुरुवारी सकाळी बघतो तर अव्वानं गाठोडं बांधायला घेतलेलं. "मला गावाकडं सोड. शेडात राहीन. तिथं निदान थेंब कुठनं येतो ते माहीत हाय."

बहात्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, गावापासून दोन किलोमीटर शेतात एकटी! तिथं पडली तर चार दिवस कुणाला कळणार न्हाई. मला हे दिसत होतं, आणि भीती वाटली की मी ओरडतो, हा माझा जन्माचा दोष. "जातीस कुठं? सोमवारी ही गाडीच भंगारात घालतो! मग येशील गुमान घरात!" असं म्हणून तिथंच भंगारवाल्याला फोन लावला. अव्वा गाठोड्याची गाठ मारत राहिली. मला त्याच क्षणी लाज वाटली, पण तोंडातनं गेलेलं परत कसं घ्यायचं?

दुकानावर आलो. भंगारवाल्याचा उलट फोन आला, तेवढ्यात हसीनाभाभी रेक्झीन घ्यायला आली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "काय भंगारात घालून राहिले, अण्णा?"

"घरगाडी. गळते."

"छत गळतंय? कोणाला दाखवलं?"

मी बोटांवर मोजून सांगितलं. गवंडी, प्लंबर, गॅरेजवाला, रंगारी. भाभीनं रेक्झीनचा तुकडा काउंटरवर आपटला. "वीस साल तुमच्या डोळ्यासमोर छत शिवून राहिले मी. तुम्हाला गवंडी आठवला, प्लंबर आठवला. मी काय समोर भजे तळून राहिले का?"

"भाभी, ते कापड न्हाई. पत्रा हाय तो."

"मग पावसाला सांगा जाऊन, हा पत्रा हाय म्हणून!" रागानं तिचं नाक लाल झालं होतं. मग आवाज उतरवून म्हणाली, "अम्मा झोपत न्हाईत?"

"तीन आठवडे झाले."

"सोमवारपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा न्हाई," असं बजावून ती गेली. रेक्झीन तिथंच विसरली.

शुक्रवारी भाभी दाभण, खडू आणि पत्रा खरवडायची पट्टी घेऊन आमच्या अंगणात हजर. पदर खोचून शिडीवर चढली आणि वरूनच ओरडली, "या अल्ला! हे डांबर कुणी घातलं? आता खालचं काही दिसंल का?" मी दुसरीकडं बघितलं. सगळा दिवस तिनं डांबर खरवडलं. आतून छताला हात लावून, नाक लावून ओल कुठवर आहे ते बघितलं आणि खडूनं रेघ मारली. शनिवारी म्हणाली, "आता पाणी ओता. मी वरून एकेक जागा भिजवते, तुम्ही आत झोपून बघा."

पाणी म्हटल्यावर माझी बायको रुद्राणी बाहेर आली. "भाभी, आठ दिवसाला नळ येऊन राहिला. पन्नास पोरं अर्ध्या बादलीत आंघोळ करून राहिलेत. आणि तुम्ही टपाला न्हाऊ घालणार?" पण अव्वाचं तोंड बघून तिनंच दोन पिंप पाणी काढून दिलं. मी अव्वाच्या पलंगावर उताणा. भाभी पलंगाच्या बरोबर वर पाणी सोडतेय. एक थेंब न्हाई. आणखी सोडलं. कोरडं! राहिलेलं सगळं पाणी तिनं टपभर फिरवलं. कोरडं ठाक! मी उठून ओरडलो, "जितं भाभी, जितं!" डांबर खरवडल्यानंच काम झालं असं आम्हाला वाटलं. रुद्राणीनं चहा टाकला.

चहा झाला, भाभी घरी जायला निघाली, आणि आतनं अव्वाचा आवाज आला. "वीरण्णा."

उशीवर ओला डाग. वर कुणी न्हाई, पाऊस न्हाई, पाणी ओतून तास होत आलेला, आणि थेंब पडतोय. अव्वा गाठोडं घेऊन पायरीवर येऊन बसली. "झालं तुमचं? आता सोडतोस का मला?"

भाभीचं तोंड एवढंएवढं झालं. मला वाटलं होतं मी तिच्यावर ओरडेन. ओरडवलं न्हाई. दोन पिंपं पाणी गेलं होतं, तिसरं रुद्राणीकडं नव्हतंच.

रविवारी दुपारी मी दुकानात बसून समोर बघत होतो. भाभी मशीनवर बसलेली, पण पाय हलत न्हाई. महेबूबभाई मला येऊन सांगून गेला, "कल से ठीक खाई नहीं, अण्णा. हूड सोडून छताकडंच बघून राहिली." मग तो आपल्या कामाला लागला. क्लासच्या एका पोरीची सायकल होती. त्यानं ट्यूब काढली, पंपानं फुगवली, घमेल्यात बुडवली. एका जागेवर बुडबुडे आले. त्यानं तिथं खूण केली.

भाभी ताडकन उठली. रस्ता अर्धा ओलांडेपर्यंत तिचा आवाज माझ्यापर्यंत आला, "अण्णा! कूलर हाय का कूलर?"

मला वाटलं, गेली कामातनं. आषाढात कूलर? पण ती दम खात सांगायला लागली. "पाणी आत जाताना आपल्याला दिसत न्हाई. कुठं शिरतं, कुठनं फिरतं, कुठं टपकतं. पण हे ट्यूबमध्ये पाणी भरून बघत न्हाईत ना? हवा भरून बघतात. भोक असंल तिथनं हवा बाहेर येते, आणि बाहेर आलेली दिसते. त्या घमेल्यातलं पाणी ह्यांना आठवडाभर पुरतं, अण्णा. मला एक बादली बास."

"गाडी घमेल्यात कशी बुडवणार, भाभी?"

"बुडवायची कशाला? साबण वर लावायचा!"

पोरांच्या हॉलमधला पत्र्याचा दांडगा कूलर माळ्यावर टाकला होता. चौघा पोरांनी तो उतरवला. भाभीनं त्याचा वाळा काढून टाकला आणि कूलरच्या तोंडापासून गाडीच्या दारापर्यंत जाड कापडाची बाही शिवली, तिथंच अंगणात बसून, हातानं. खिडक्या घट्ट लावल्या. बेसिनच्या भोकात चिंधी कोंबली, शेगडीच्या धुराड्यावर पिशवी बांधली. कूलर चालू केला. बाही फुगून ताठ झाली आणि गाडी घुमायला लागली. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर सगळी पोरं पुस्तकं टाकून गोळा झाली. त्यातला एकजण ओरडला, "काकू, हे आमच्या सिलॅबसमध्ये न्हाई!" भाभी म्हणाली, "म्हणून तर तुमच्या डोळ्यासमोर गळून राहिलंय!"

एक बादली पाणी, मूठभर कपड्याची पावडर, रंगाऱ्याचा रुंद ब्रश. भाभी शिडीवर चढली. पलंगाच्या वर फेस लावला. काही न्हाई. जिथं मी डांबर ओतलं, गवंड्यानं सिमेंट लावलं, रंगाऱ्यानं लांबी भरली, तिथं एक बुडबुडा न्हाई! झाकणाच्या खिडकीला फेस लावला. काही न्हाई. दोन्ही बाजूचे जोड झाले. अव्वा पायरी सोडून तुळशीजवळ बसली होती, गाठोडं मांडीवर. मी मनातल्या मनात सोमवार मोजत होतो.

भाभी सरकत सरकत पुढं गेली, गाडीच्या कपाळाशी. ब्रश फिरवला आणि थांबली. मग खाली उतरली आणि हळूच मला म्हणाली, "अण्णा, जरा तुम्हीच वर जाऊन बघा."

मी चढलो. पाटीच्या कडेनं फेस उतू चाललेल्या दुधासारखा वर येत होता. चार स्क्रू, चार ठिकाणी भदाभदा बुडबुडे. माझ्या दुकानातले एक नंबरचे स्क्रू. माझ्या हातानं आरपार मारलेले.

"काढावी लागंल," भाभी खालून म्हणाली. "पण देवाची पाटी हाय. मी हात लावणं बरं दिसणार न्हाई, म्हणून तुम्हाला..."

मला असा संताप आला, आणि तो सगळाच्या सगळा माझ्यावरच होता. "भाभी, माझ्या अव्वाच्या कपाळावर पाणी मी पाडलं. देवानं न्हाई. या वर आणि लावा हात!"

तुळशीपासनं अव्वा बोलली, "तुला कुणी सांगितलं होतं रे, देवाला टपावर उन्हातान्हात बसवायला? घरात ठेवायला जागा नव्हती?" गच्चीवरची पोरं फिदीफिदी हसली. रुद्राणी हसली. मीबी हसलो, नाइलाजानं. भाभीनं पाटी उतरवली, पदरानं फेस पुसला आणि दोन्ही हातांनी अव्वाच्या हातात दिली.

मग तिनं मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवून सांगितलं. पाणी पुढं स्क्रूच्या भोकातनं शिरायचं. पत्र्याखाली लाकडाची लांब पट्टी होती, तिच्यावरनं मागं जायचं, कारण मी पुढं एक वीट जास्त दिली होती आणि सगळा उतार मागं झाला होता. आठ फूट जायला त्याला तास लागायचा. म्हणून थेंब मागं पडायचा आणि आम्ही सगळे मागंच डांबर फासत बसलो.

"आणि खिडक्याखालची ही भोकं कुणी बुजवली?"

मी बोट वर केलं.

भाभीनं दाभण घेतलं आणि पहिल्या फटीत घुसवलं. तपकिरी, कुजका वास मारणारं पाणी धार लावून बाहेर आलं. दुसऱ्या फटीतनं, तिसऱ्यातनं. खाली ठेवलेली कळशी भरत आली. "बनवणारा येडा नव्हता, अण्णा. चुकून पाणी शिरलं तर बाहेर जायला त्यानं वाट ठेवली होती. तुम्ही वरून दार उघडलं आणि खालून कडी लावली." रुद्राणी म्हणाली, "भाभी, हे वाक्य परत एकदा मोठ्यानं म्हणा." असली संधी माझी बायको कशाला सोडते!

सोमवारी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. मी त्याच्यावरच ओरडलो, "कुणी बोलावलं तुला?" बिचारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. शेवटी चहा पाजून वाटेला लावला. अव्वाला हात जोडून म्हणालो, "अव्वा, मी जे बोललो ते चुकलं. आठ दिवस दे." ती म्हणाली, "तुला न्हाई देत. हसीनाला देते." आणि आठ दिवस ती दुसऱ्या पलंगावर गाठोडं उशाला घेऊन पडून राहिली.

नशिबानं उघडीप मिळाली. भाभीनं कपाळाचा पत्रा उचलून कुजलेली पट्टी काढायला लावली, कूलरचा वारा आत सोडून चार दिवस सगळं वाळवलं, मग सुताराकडनं नवी पट्टी बसवली. स्क्रूच्या भोकांवर पत्र्याचे तुकडे रिबीट मारून लावले आणि त्याच्याखाली घट्ट रंगात भिजवलेलं जाड कापड दिलं. जोडातला वाळून कडक झालेला जुना मसाला खरवडून नवा भरला, आणि वरचा पत्रा खालच्यावर येईल असा दाबला, जीपच्या हुडासारखाच. पुढच्या खांबांच्या दोन-दोन विटा काढल्या, गाडीचं नाक खाली केलं आणि मागं उंच झालेल्या पायरीखाली दगड दिला. परत हवा भरली, परत एक बादली साबण. पन्नास पोरं, एक बुडबुडा न्हाई! गच्चीवर शिट्ट्या वाजल्या. भाभीनं वरूनच महेबूबभाईला ओरडून सांगितलं, "बघितलं? तुमच्यापेक्षा मोठी ट्यूब जोडली मी!"

आणि मला नियम घालून दिले. वर्षातनं एकदा, मृगाच्या आधी, कूलर माळ्यावर टाकायच्या अगोदर, ही परीक्षा करायची. खिडकीखालच्या फटीत दाभण फिरवायचं. डांबर घरात आणायचं न्हाई. "आणि स्क्रू?" मी विचारलं. "स्क्रू तुम्ही फक्त विकायचे," भाभी म्हणाली.

खरी परीक्षा काम संपल्यावरच्या बुधवारी भर दुपारी झाली. आभाळ एकदम काळं झालं आणि पाऊस असा आला की समोरचं महेबूबभाईचं दुकान दिसेना. मी गल्ला उघडा टाकून निघालो. छत्री पहिल्याच झटक्यात उलटी झाली. अंगणात पोचलो तर हसीनाभाभी माझ्या आधी तिथं. नखशिखांत भिजलेली, गाडीच्या दाराशी कान लावून उभी. शेजारी रुद्राणी, डोक्यावर परात धरून.

"अव्वा बसलीय का उठून?" मी दाराला हात घातला. भाभीनं माझं मनगट धरलं.

"चुप. ऐका."

पावसाच्या आवाजातनं आधी काही कळेना. मग ऐकू आलं. घोरणं. चांगलं मोठं, खर्जातलं. मी खिडकीच्या काचेवर हात फिरवून आत बघितलं. बारा वर्षं अव्वा कुशीवर, तोंडावर पदर ओढून झोपायची. आज ती परत आपल्या पलंगावर उताणी पडली होती, तोंड उघडं, कपाळ सरळ छताकडं. वर पाऊस ताशा बडवत होता आणि माझी अव्वा घोरत होती.

आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो. आडोशाला जायचं कुणाला सुचलं न्हाई. मी रडत होतो, सांगायला मला लाज वाटत न्हाई. पावसात कुणाला दिसणार होतं, पण भाभीनं बघितलं आणि तोंड फिरवून तिनंही डोळे पुसले.

दोन तासांनी पाऊस थांबला. तासाभरानं दार उघडलं. अव्वा डोळे चोळत पायरीवर आली. अंगणात गुडघाभर पाणी, आणि समोर आम्ही तिघं ओलेचिंब.

"हे काय रे?" ती म्हणाली. "पाऊस येऊन गेला का?"

भाभीच म्हणाली, "हाव अम्मा. येऊन गेला. तुम्ही झोपला होता."